महानंदाला मॅनेजर मिळाला

शाळेच्या गॅदरिंगची तालीम चालू होती आणि मी पाचवीच्या मुलांवर ओरडत होते, तेव्हा महानंदाच्या वडिलांचा, अप्पांचा फोन आला. "नंदा गेली, बाळ," एवढंच ते म्हणाले. मग बराच वेळ मीही फोन ठेवला नाही, त्यांनीही नाही. या गोष्टीला दीड महिना झाला. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो नेमका कुणावर काढायचा हेही मला कळत नाही.

आम्ही दोघी सोलापुरात नाट्यविभागात एका वर्गात होतो. ती दुधनीच्या धान्य दुकानदाराची मुलगी. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि रंगमंचावर जी हवी ती भाषा. आम्ही तिला नंदी म्हणायचो. ती चिडायची नाही, उलट मान डोलावून दाखवायची. शेवटच्या वर्षाच्या प्रयोगाला सर मुंबईहून कलाकारांचे मॅनेजर बोलवायचे. मॅनेजर आपला फोटो कास्टिंगवाल्यांपुढे ठेवतो, आपल्या वतीने बोलतो. तो नसेल तर मुंबईत नुसती दारं ठोठावत फिरायचं. त्यामुळे आमची सगळी वर्षं त्या एका संध्याकाळवर टांगलेली असायची. पण सरांचा दंडक असा, की शेवटच्या प्रयोगात प्रत्येकाने आपल्यापासून सगळ्यात लांबची भूमिका करायची. नंदीच्या वाट्याला म्हातारी आली. दुपारपासून आरशासमोर बसून तिने सुरकुत्या काढल्या, केस पांढरे केले, आणि प्रयोगात ती अशी काही चालली की विंगेत उभी असलेली मी तिला हात द्यायला पुढे झाले.

मध्यंतरात पाहुण्या मॅनेजरबाई सरांना म्हणाल्या, "त्या आजी फार छान करतात हो. इथल्याच का?" सर नुसते हसले, आणि धावत आत येऊन त्यांनी ते आम्हाला सांगितलं. आम्ही नंदीला मिठ्या मारल्या. "वळखलंच न्हाय की गं मला!" म्हणत ती त्या नऊवारीतच नाचायला लागली. नटाला याहून मोठं बक्षीस नसतं, असंच आम्हाला शिकवलेलं होतं. प्रयोग संपल्यावर बाईंनी माझा आणि आणखी एका मुलाचा नंबर घेतला. मी अभिनयात बेताची, पण उंच. नंदी मेकअप उतरवून ओल्या केसांनी फाटकाशी पोचली तेव्हा बाई गाडीत बसत होत्या. "तू कशात होतीस गं?" त्यांनी विचारलं. आजी ती हीच, असं सरांनी सांगितल्यावर त्या थबकल्या. म्हणाल्या, "अगं, पण मला तुझा चेहराच दिसला नाही. आता तुझ्याबद्दल कुणाला काय सांगू मी?" त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

मी वर्षभरात मुंबईला कंटाळून परत आले. नंदी राहिली. नाव, उंची, गाव सांगायचं, मग डावीकडून चेहरा, उजवीकडून चेहरा... असे व्हिडिओ करून ती ऑफिसाऑफिसांत पाठवायची. काम केलेलं नाही म्हणून मॅनेजर घेत नाहीत आणि मॅनेजर नाही म्हणून काम मिळत नाही, या चरकात तिची चार वर्षं गेली. कधी गर्दीतली बाई, कधी लग्नातली वऱ्हाडी, एवढंच. मग एका मॅनेजरच्या छोट्या ऑफिसाने होकार दिला. फोटो काढायचे आणि करारावर सही करायची, इतकंच उरलं होतं, आणि नेमकी तेव्हा तिला कावीळ झाली. डॉक्टरांनी लगेच भरती व्हायला सांगितलं. मी फोनवर तिला अक्षरशः शिव्या घातल्या. "आत्ता न्हाय गेले तर फुडं कोन इचारतंय मला?" ती म्हणाली. चेहऱ्याचा पिवळेपणा तिने मेकअपखाली झाकला. डोळ्यांचं काय केलंस, असं मी नंतर विचारलं तर हसली. "फोटोवाला म्हनला, ते काय, कम्प्युटरवर पांढरं करता येतंय." सही झाली. तिने मला पेढ्यांच्या पुड्याचा फोटो पाठवला. पुढच्याच आठवड्यात अप्पा तिला सोलापूरच्या दवाखान्यात घेऊन आले, तोवर यकृत पार निकामी झालं होतं.

परवा मी दुधनीला गेले. तिची आई, अव्वा, ज्वारी निवडत बसल्या होत्या. शेजारी नंदीचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. मी असतानाच तो वाजला. "वाच की, काय म्हनतेत," अव्वांनी फोन माझ्यापुढे केला. मॅनेजरच्या ऑफिसातून निरोप होता: उद्या अंधेरीत ऑडिशन आहे, वेळेवर पोचावे. त्याच्या वर असेच आणखी कितीतरी निरोप. "त्यांना कुणी कळवलंच नाही का, अव्वा?" मी विचारलं, आणि उत्तर लिहायला घेतलं. अव्वांनी माझं मनगट धरलं.

"नगं गं. रोज बोलवतेत तिला. बोलवू देत की..."

मी लिहिलेलं पुसून टाकलं आणि फोन पुन्हा चार्जिंगला लावला.