इस्त्रीने पारखलेला यूपीएस

कुलूप लावल्यावर ते ओढून पाहणारी माणसे पुष्कळ असतात. ओढून पाहिले होते की नाही, हे पाहायला जिन्यावरून परत येणारी विरळा; ती त्यांतली एक. तिच्या या स्वभावामुळे नवऱ्याने लग्नानंतर लवकरच तिचे नाव ‘खात्री’ ठेवले आणि पुढे शेजारीपाजारीही तिला खात्रीताई म्हणू लागले. शाळेत संगणक शिकवण्याची नोकरी सुटल्यावर तिने कोठीच्या खोलीतली पिंपे एका कडेला सरकवून तिथे एक लोखंडी रॅक उभा केला होता. त्यातल्या सर्व्हरवर काही लहान दवाखान्यांच्या रुग्णनोंदी ती सांभाळत असे. कोणाला कोणते औषध बाधते, कोणाची साखर कधी चढली, हे दूरच्या दवाखान्यांतल्या पडद्यांवर उमटत असे ते या खोलीतून.

मागच्या महिन्यात वीज गेली तेव्हा तिच्या जुन्या यूपीएसने, म्हणजे वीज जाताच बॅटरीवर भार पेलणाऱ्या यंत्राने, एक केविलवाणी शिटी देऊन मान टाकली. सर्व्हर आडवा झाला आणि सकाळभराच्या नोंदी पुसल्या गेल्या. यंत्राने ऐनवेळी दगा का दिला, ते तिलाही सांगता आले नाही. दवाखान्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आवाज न चढवता म्हणाल्या होत्या, “खात्रीताई, राग नाही माझा. पण पुन्हा असं झालं तर मला दुसरी सोय बघावी लागेल. माणसांच्या औषधांचा प्रश्न आहे.”

आणि आता वीज कंपनीचा निरोप आला होता: रोहित्राच्या दुरुस्तीसाठी दुपारी पुरवठा बंद. दुपारपुरते काम थांबवा असे दवाखान्यांना सांगणे म्हणजे दुसरी सोय बघा असे आपल्याच तोंडाने सांगणे. नवे यंत्र आवाक्याबाहेरचे. म्हणून नवरा-बायको सकाळीच जुन्या मालाच्या गोदामात जाऊन थडकली.

गोदामात बंद पडलेल्या कार्यालयांचे अवशेष होते: पाठ मोडलेल्या खुर्च्या, वायरींचे गुंताडे, एकमेकांच्या उरावर बसलेले प्रिंटर. व्यापाऱ्याने एका चकचकीत यूपीएसवर थाप मारली. “ताई, बड्या ऑफिसातला माल. एसीत वाढलेलं लेकरू आहे.” त्याने त्याला एक बल्ब जोडला आणि भिंतीवरचे बटण बंद केले. बल्ब तसाच तेवत राहिला. “बघा, पापणीसुद्धा लवली नाही!”

खात्रीताईने पिशवीतून घरची इस्त्री काढली.

“हे काय? कपड्यांना इस्त्री इथेच करता का?”

“बल्ब काय, काजवाही पेटवेल. माझ्या रॅकची भूक इस्त्रीएवढी आहे.”

“भाऊ,” नवरा व्यापाऱ्याला हळूच म्हणाला, “मलासुद्धा असंच तपासून घेतलंय.”

“मग पास झालात का?”

“निकाल राखून ठेवलाय अजून.”

इस्त्री जोडली, बटण बंद झाले, आणि एसीत वाढलेल्या लेकराने इस्त्री कोमट होण्याआधीच किंकाळी फोडून डोळे मिटले. व्यापारी ओशाळला. मग कोपऱ्यातले एक ओरखड्यांनी भरलेले, बोजड धूड पुढे आले. त्याचा पंखा घोंघावू लागला. खात्रीताई दर थोड्या वेळाने बोट ओले करून इस्त्रीला टेकवत होती. चर्र आवाज येत होता. तिच्या कपाळावर घाम होता आणि डोळे दारातून आत सरकणाऱ्या उन्हावर. दुपार जवळ येत होती, तरी ती हलेना. शेवटी तिने झाकण उघडायला लावून बॅटऱ्या फुगलेल्या नाहीत याची खात्री केली, वास घेतला आणि म्हणाली, “हेच.”

व्यापाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि गुंताड्यातून एक वायर उपसून तिच्या पिशवीत टाकली. “ही आपल्याकडून फुकट. सर्व्हरला जोडा, बॅटरी किती उरली ते पडद्यावर दिसेल.” धर्माच्या गाईचे दात कोण मोजतो? तिनेही मोजले नाहीत. टेम्पो दारात लागला, घाई झाली, आणि निवायला ठेवलेली इस्त्री गोदामातच राहिली.

यंत्र रॅकखाली बसवून ती उठते न उठते तोच छताचा पंखा मंदावला. स्वयंपाकघरातला फ्रिज गप्प झाला. नव्या पाहुण्याने एकदा ‘टक्’ केले. सर्व्हरचे दिवे जळत राहिले. नवऱ्याने हात जोडले.

फोन वाजला. गोदामवाला. “आता भाव वाढवून मागेल,” म्हणत तिने तो कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिचे लक्ष यंत्राच्या एकुलत्या हिरव्या दिव्याकडे होते. बॅटरी किती उरली, हे तो दिवा सांगत नव्हता. तिने पिशवीतली वायर काढली.

“अगं, चाललंय ना? कशाला हात लावतेस?”

“चाललंय ते दिसतंय हो. किती वेळ चालेल ते कुठं दिसतंय?”

वायर खाचेत चपखल बसली. लगोलग आतून एक खटका उडाला आणि सगळा रॅक काळोखात गेला. पंख्यांची घरघर उतरत उतरत थांबली. खोलीत इतकी शांतता पसरली की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

तिसऱ्यांदा वाजलेला फोन नवऱ्याने उचलला. गोदामवाला ओरडतच होता: “इस्त्री राहिली तुमची! अन् ती वायर लावू नका, दुसऱ्या मशीनची आहे. खाच तीच, पण आतल्या तारा वेगळ्या. या मशीनला ती लागली की ते बंदच होतं. केव्हाचा फोन करतोय!”

तिने वायर उपटली, यंत्र चालू केले, सर्व्हर चालू केला. डिस्कची तपासणी सुरू झाली. पडद्यावर ओळी मुंगीच्या पावलांनी सरकू लागल्या. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन.

“वीज गेली म्हण,” नवरा कुजबुजला. “गेलीच आहे की! खोटं कुठाय त्यात?”

तिने एकदा बंद पंख्याकडे पाहिले. “डॉक्टर, वीज गेली, पण यंत्रानं भार पेलला होता. मी न तपासलेली वायर लावली अन् माझ्या हातानं बंद पाडलं. तपासणी चाललीय. तोवर औषध देताना बाधतं का ते तोंडी विचारा.”

ओळी सरकत होत्या. मग शेवटची ओळ उमटली, आणि तिच्यामागून नोंदी. सकाळपासूनच्या सगळ्या, फक्त एक अर्धवट.

“एक नोंद अर्धी राहिली,” ती म्हणाली. “बाकी आहेत.”

“दिसताहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ती माझ्यासमोरच्याच माणसाची आहे, पुन्हा भरते. मागच्या वेळी काय झालं ते तुम्हालाही सांगता आलं नव्हतं, भीती त्याची होती. या वेळी सांगितलंत. आता वीज येईपर्यंत कशाला हात लावू नका.”

“बोटही नाही लावत.”

ती पिंपाच्या झाकणावर बसली, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. नवरा इस्त्री आणायला गेला. बऱ्याच वेळाने छताचा पंखा फिरू लागला, यंत्राने पुन्हा ‘टक्’ केले. तरीही तिने हात सोडले नाहीत.