दोन काठांमधली रेघ

निन्फा सेदेन्योला सलग यादी बघवत नसे. बाजारहाटाची असो की लग्नातल्या पाहुण्यांची, मधे रेघ मारल्याशिवाय बाईंना चैन पडायचं नाही. नदीकाठच्या बाबाओयो शहरातल्या शाळाप्रवेश कचेरीत तिला बावीस वर्षं झाली होती, त्यातली निम्मी फूटपट्टी घेऊन वह्या आखण्यात गेली. मग कॉम्प्युटर आले, फूटपट्टी गेली. बाई खचली का? छे! सहा महिन्यांत वेबवरचे फॉर्म बनवायला शिकली. तिचे पदवीधर साहेब, लिसेन्सियादो प्लुतार्को, अजूनही पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवतात.

त्या वर्षी प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांनी आपली वस्ती निवडायची होती. बाणावर दाबलं की बासष्ट नावं धबाधबा खाली यायची. लोक गोंधळायचे, भलतंच नाव दाबून मोकळे व्हायचे. निन्फानं यादीचे दोन भाग केले. नदीच्या शहराकडच्या काठावरच्या वस्त्या वर, पलीकडच्या, म्हणजे बार्रेइरोच्या, काठावरच्या खाली, आणि मधे एक लांबलचक रेघ. "बघा तरी, कसा छान भांग पाडलाय!" असं ती कचेरीभर सांगत सुटली.

एकच घोळ झाला. ती रेघ नुसती दिसायला हवी होती. बाईंनी ती इतर नावांसारखीच यादीत घातली आणि तिला कुलूप लावायला विसरल्या. रेघेवर बोट ठेवलं तरी फॉर्म निमूटपणे ते घेत होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी साहेब कागद नाचवत आले. "सतरा जणांनी वस्ती म्हणून रेघ निवडलीय! रेघेवर कोण राहतं, निन्फा?"

"अगं बाई! डोळे आहेत का बटणं या लोकांना?"

"ते मला माहीत नाही. पत्ता नाही तर शाळा नाही. चार वाजता यादी बंद होणार. सतराही फॉर्म बाद कर."

निन्फानं सतराही फॉर्म पुढ्यात ओढले. चूक तिची, आणि वर्ष बुडणार पोरांचं. तिनं पहिलाच नंबर फिरवला. दिग्ना मोरान, मुलगी यारित्सा, वय सहा, इयत्ता पहिली. फोनवर धड बोलणं होईना, तशी दिग्ना अर्ध्या तासात स्वतःच येऊन धडकली. हाताला मासळीचा वास, पिशवीत हिरव्या केळ्याचे गरम गोळे, बोलोन.

"काय हो सेन्योरा, माझी पोरगी शाळेत जायच्या आधीच नापास झाली का?"

"अगं, तू वस्तीच निवडली नाहीस! रेघ दाबलीस!"

"मग काय दाबणार? वर इकडचा काठ, खाली बार्रेइरोचा काठ. मधे काय असतं? नदीच ना! मी तराफ्यावरच्या घरात राहते. तुमच्या यादीत आम्ही कधीच नव्हतो. यंदा रेघ दिसली, म्हटलं, चला, नदी काढलीय, कुणाला तरी आमची आठवण झाली!"

दर शनिवारी निन्फा त्याच तराफ्यांवरून मासे घ्यायची, भावावरून भांडायची, वर एखादा फुकट उकळायची. या माणसांना पत्ता लागत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"मग आजवर काय लिहायचात?"

"खोटं! थोरलीच्या वेळी पलीकडच्या चुलतबहिणीचा पत्ता दिला. त्यांनी शाळाही तिकडचीच दिली. पाणी चढलं की होडी बंद, पोरगी घरी. दोन वर्षं वाया गेली तिची." दिग्ना टेबलावर पुढे वाकली. "हिचं तसं नाही होऊ द्यायचं मला."

निन्फा उठली ती थेट साहेबांच्या टेबलापाशी गेली. साहेब दिग्नाचाच एक बोलोन खात होते.

"साहेब, यादीत एक नाव वाढवतेय. 'नदीवर, तराफ्यात'."

"वरून परवानगी?"

"ती तुम्ही आणा. खोटं लिहिलं तेव्हा आपण यांना शाळा दिली. आता खरं लिहिलंय तर हाकलून देणार?"

साहेबांनी बोलोन खाली ठेवला. त्यांनी रुमालानं मान पुसली, पाणी प्यायले. "चार वाजायच्या आत सतराही झाले पाहिजेत," ते म्हणाले, आणि फोन ओढून वरच्या कचेरीशी स्वतः भांडायला बसले.

अडीच वाजता वरून होकार आला, यादी तयार झाली. वर इकडचा काठ, मग रेघ, मग 'नदीवर, तराफ्यात', पुन्हा रेघ, आणि खाली बार्रेइरो. दोन्ही रेघांना निन्फानं कुलूप घातलं, तीनदा दाबून पाहिलं. बाकी सोळा घरांना फोन गेले; तीही सगळी तराफ्यांवरचीच निघाली. दिग्ना तिथंच कॉम्प्युटरसमोर बसली. यादी खाली आली, तिचं बोट मधोमध थांबलं, तिनं दाबलं. पडद्यावर शाळेचं नाव आलं. त्यांच्या तराफ्याची फळी जिथं काठाला लागते, तिथून पायी तीन मिनिटांवरची शाळा.

"झालं काम!" निन्फा नाक पुसत म्हणाली. "पळ आता, मासे खराब होतील तुझे."

दिग्ना उठेना.

"सेन्योरा, ती यादी परत एकदा खाली ओढता? मला आमचं नाव अजून एकदा वाचायचंय."