एका रिसीव्हरवरचे दोन माइक

गेल्या महिन्यात सकाळी निपाणीहून वहिनीचा फोन आला. "आक्का, तुमचं अण्णा गेलं…" एवढंच. मी बेळगावात चहाचा कप धरून उभी, आणि मनात पहिलं काय यावं? रडू नव्हे. आता त्याला सांगायचं राहिलं, हे.

अण्णा माझा थोरला भाऊ. निपाणीत लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. शाळा सातवीत सुटलेली. पण कर्णा कुठल्या झाडाला बांधला की आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो, हे त्याला न मोजता कळायचं. ऐंशीनंतर कधीतरी त्यानं बिनतारी माइक आणला. दांड्याखाली वीतभर तार लोंबायची, तीच एरियल. आवाज हवेतून जायचा आणि रिसीव्हरची पेटी तो पकडून कर्ण्यांना पोचवायची. लोक माइकची वायर शोधत बसायचे, अण्णा मिशीत हसायचा.

मी तेव्हा संकेश्वरजवळच्या एका शाळेत विज्ञानाची नवी बाई. बी.एस्सी.नं डोकं असं फुगलेलं, की वेणी घालायला जागा उरली नव्हती. फ्रिक्वेन्सी म्हणजे सेकंदाला किती कंपनं, हे फळ्यावर सुरेख लिहायची. घरी रेडिओचा काटा फिरवायला मात्र नवऱ्याला हाक मारायची. स्नेहसंमेलनाला मी अण्णाला हुकूम सोडला: दोन बिनतारी माइक आण, एक मला, एक पाहुण्यांना. दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीचे, म्हणजे एका रिसीव्हरवर भागेल.

"न्हाय जमायचं गं सुमे," अण्णा म्हणाला. "लोंढा टेसनात एका रुळावर समोरासमोर दोन गाड्या सोडत्यात व्हय? दोन माइक तर दोन फ्रिक्वेन्सी, दोन रिसीव्हर. न्हाईतर एका येळंला एकच चालू."

"हवेत कुठले रूळ आले, अण्णा? विज्ञान मी शिकवते का तू?"

"तूच गं बाई," म्हणाला, आणि कुठूनसा तसलाच दुसरा माइक घेऊन आला. दोन घागरींचं पाणी एका हंड्यात पडतं, तसे दोन आवाज एका पेटीत पडतील, अशी माझी अक्कल. याच अकलेवर मी पोरांना पास-नापास करत होते…

संमेलनात पाहुणे उठले, त्यांनी माइक चालू केला. माझा चालूच होता. कर्ण्यांतून अशी किंकाळी फुटली, की पुढच्या रांगेनं कान झाकले. पोरं फिदीफिदी हसायला लागली, पाहुणे लालबुंद. हेडमास्तर माझ्याकडं बघताहेत, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. अण्णा धावत आला, पाहुण्यांच्या हातातला माइक त्यानं घेतला. तेवढ्यात मी माझ्या माइकात बोलायला लागले. किंकाळीत शब्द कुणाला कळत नव्हते. अण्णा शेजारीच होता, त्याला कळले. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि हातातल्या माइकचं बटण खाली केलं. किंकाळी थांबली. माझं उरलेलं वाक्य शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ गेलं: "…चालवणारा शिकलेला असता, तर हे झालं नसतं."

टाळ्याही पडल्या.

शाळेनं त्याला पुन्हा बोलावलं नाही. मग आजूबाजूच्या शाळांनीही. मी कायम झाले. चूक माझी होती, एवढंच हेडमास्तरांना सांगायचं होतं. तेवढ्यापुरती माझी वाचा बसली. अण्णा सदलग्याकडच्या जत्रांत कर्णे बांधत राहिला. त्या दिवसाबद्दल एकदाच बोलला, भाऊबीजेला, माझ्या ताटात ओवाळणी टाकताना: "तू बोलत हुतीस, म्हणून माझा बंद केला. न्हाईतर तुझं कुणाला ऐकू आलं नसतं." मी हसले. काय दात होते तेव्हा माझे! आता चारच उरलेत, तरी ते हसणं जिभेवर कडू लागतं.

परवा वहिनीनं त्याची पत्र्याची पेटी माझ्यापुढं उघडली. त्या दिवशी त्यानं बंद केलेला तोच माइक, रुमालात गुंडाळलेला. काम संपलं की बॅटरी काढून ठेवायची त्याची सवय. तीही शेजारी, कागदात वेगळी.

"बोला की त्यात, आक्का," वहिनी म्हणाली. "शिकलेल्या हाय तुम्ही."

म्हणजे माझं ते वाक्य इतकी वर्षं या घरात राहत होतं.

बटण त्यानं केलं तसं खालीच होतं. मी त्याला हात लावला नाही.