रिकामा डबा परत येईना

वहिनींनी ऑफिसची नोकरी सोडून भाजणीच्या चकल्या विकायचं ठरवलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्यांना सल्ले दिले. माझा सल्ला तेवढा शास्त्रीय होता. मी एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे आणि कोणी काहीही बनवताना दिसलं की मला त्याला सुधारावंसं वाटतं. स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

वहिनींचं दुखणं असं, की त्या हौसेने परातभर चकल्या तळून ठेवत आणि गिऱ्हाईक येईपर्यंत त्या सादळून जात. सादळलेला माल विकणं त्यांना पटत नसे, म्हणून तो आम्ही खात होतो. दादा तर चहाबरोबर, जेवणाबरोबर आणि एकदा आमटीत बुडवूनही चकल्या खाताना दिसला.

मी वहिनींना पुल सिस्टिम समजावली. पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने काही बनवायचं नाही. कारखान्यात रिकामी पेटी परत आली की तीच आमची ऑर्डर. इथे पेटीच्या जागी स्टीलचा डबा. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक भरलेला डबा द्यायचा, चकल्या संपल्या की रिकामा डबा आपल्या दारात येईल, मग कढई चढवायची. डबा नाही तर गॅस नाही. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डबा आलाच नाही तर काय, असं विचारलं. मी हसलो. जगभर चालतं ते आपल्या फणसवाडीत का चालणार नाही, म्हटलं.

डबे गेले आणि एकही परत येईना.

वहिनी रोज कढई पुसून बसायच्या. पितळी सोऱ्या घासून घासून इतका चकचकीत झाला की दादाने त्यात बघून मिशी कातरली. मागणी नाही म्हणून उत्पादन नाही, म्हणजे सिस्टिम बरोबर चालली आहे, असं मी सांगून पाहिलं. हे वाक्य कारखान्यात ऐकायला बरं वाटतं, घरात वाटलं नाही. त्यातच जुन्या ऑफिसातून निरोप आला, की जागा अजून भरलेली नाही, येणार असाल तर लगेच कळवा. त्या संध्याकाळी वहिनी मला म्हणाल्या, "लोकांना आवडल्या नाहीत, भावजी. तोंडावर कोण सांगणार? मी उद्या ऑफिसला हो म्हणते."

मला फार वाईट वाटलं. वाडीचा रागही आला. तावातावाने जिना चढून मी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. त्या आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. डबा त्यांच्या फळीवर लखलखत होता. चकल्या कधीच संपल्या होत्या आणि शेवटच्या चकलीवरून काकांशी अबोला झाला होता, तो अजून चालू होता. मग डबा का पाठवला नाही, असं विचारल्यावर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरलोय.

"अरे, रिकामा डबा परत करतात का कधी?"

साखर घालून पाठवता आली असती, पण असल्या चकल्यांच्या बदल्यात नुसती साखर बरी दिसत नाही, म्हणून त्या नारळाच्या वड्या करणार होत्या आणि त्यांना वेळ होत नव्हता. सगळ्या बिऱ्हाडांत हेच. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या माझगावच्या मावशींचीही तीच अडचण, असंही काकूंनीच सांगितलं. मावशींना डब्यात कोलंबी घालून द्यायची होती, पण वहिनींचा सोमवार, गुरुवार आणि मधेच संकष्टी, त्यामुळे त्यांना धड वार सापडत नव्हता. ज्यांनी ही सिस्टिम शोधली, त्यांच्या शेजारी काकू राहत नसणार.

मी उभ्या उभ्या सुधारणा केली. डबा तुमच्याकडेच राहू दे, वहिनी वर येऊन भरून जातील. तुम्ही फक्त झाकण पाठवा. झाकणात काही भरता येत नाही. काकूंनी विचार करून होकार दिला.

खाली येऊन वहिनींना हे सांगितलं, तर त्यांचा विश्वास बसेना. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही रचून सांगताय, म्हणाल्या आणि सकाळी ऑफिसला न्यायचा डबा भरावा लागेल म्हणून भाजी निवडायला बसल्या. माझ्या सिस्टिमने एका चांगल्या सुगरणीला पुन्हा ऑफिसात पाठवलं, असं वाटून मला जेवण गेलं नाही.

सकाळी वहिनी साडी नेसून फोन हातात घेतात तोच बेल वाजली. दारात काकू. हातात झाकण, उलटं धरलेलं, आणि त्यात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. झाकण तरी रिकामं कसं आणायचं, म्हणाल्या, आणि काका जिन्यात वाट बघताहेत, चकल्या आल्याशिवाय ते बोलणार नाहीत.

वहिनी त्या झाकणाकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी गूळ तोंडात टाकला, गॅस पेटवला आणि तशाच भरल्या तोंडाने ऑफिसला फोन लावला.

"नाही हो, जमणार नाही. झाकण आलंय."