पप्पांच्या आवाजाला मिळालेला शब्द

ताथवड्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा मुलाखतीच्या तयारीच्या पुस्तकात मला 'स्टेंटोरियन' हा शब्द भेटला. म्हणजे दणदणीत, लांबवर पोचणारा आवाज. ग्रीकांच्या कुठल्याशा दवंडीवाल्यावरून आलाय म्हणे. मैत्रीण म्हणाली, "अगं बाई, सरळ 'लाउड' म्हण ना!" मला काही ते पटेना. लाउड तर ट्रकचा हॉर्नही असतो.

मग हा शब्द नेमका कुणाच्या आवाजाला शोभतो, ते शोधायचा मला नादच लागला. चाकणच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारणारा अडत्या ऐकला. आवाज मोठा, पण चिरका. नापास! बसचा कंडक्टर नाकात बोलायचा, तोही नापास. आणि घरी आमचे पप्पा! उभा जन्म कंपनीच्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये गेलेला, मशीनच्या धडधडाटावर ओरडून बोलायची सवय. त्यांनी मीठ मागितलं तर शेजारची काकू वाटी घेऊन यायची. लोक ज्याला खेकसणं म्हणायचे, त्याला इंग्रजीत एवढा भारदस्त शब्द! शिवाय कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या, हा शब्द आवाजाला लावतात, आणि त्यात राग असलाच पाहिजे असं नाही.

हे लोकांना कोण सांगणार? 'बाप तापट दिसतो' म्हणून माझं एक स्थळ मोडलं होतं. दुसरं आलं, आणि हा मुलगा मला मनापासून आवडला होता. पाहुणे यायच्या दिवशी आईने पप्पांना बजावलं, "आज हळू बोला, तुमच्या पाया पडते."

पप्पा इतकं हळू बोलले की कुणालाच काही ऐकू येईना. मशीनपायी कान मंद झालेले, त्यांना स्वतःचाच आवाज कळत नव्हता, ते तरी काय करणार? मुलाच्या आईने दोनदा काही विचारलं, तर ते नुसते हसले. "यांच्या मनात नाही वाटतं," म्हणत तिने पर्स उचलली. मी पुढे होऊन पप्पांचा दंड हलवला.

"पप्पा, नेहमीसारखं बोला!"

"पोरगं आमाला पसंत हाय!" पप्पांनी आवाज सोडला. "पर आमची पोर नोकरी करनार, ती सोडायची न्हाई!"

पाहुण्यांच्या बशीत चहा सांडला. "चिडले का हो?" मुलाच्या आईने दचकून मला विचारलं.

"नाही हो. चिडले की ते गप्प बसतात."

ती हसली, पर्स खाली ठेवली. "आणि तुला पसंत आहे का गं आमचा मुलगा?"

पप्पांनी कानामागे हात धरला. "काय म्हनत्यात?"

"मला मुलगा पसंत आहे का, विचारतायत!"

"मग? हाय का?"

अख्खी बैठक माझ्याकडे बघत होती. मुलगासुद्धा.

"आहे, पप्पा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. "आहे!"