बाकाच्या टोकाला

अमेरिकेत, ॲन आर्बरमधले आमचे शेजारी काका निवृत्त सर्जन. दर शनिवारी आम्ही पोरं त्यांच्याकडे कॉलेज फुटबॉल बघायला जमतो. यंदा आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे हाताने पास फेकणारा मुख्य खेळाडू, सारखा चुकतोय, आणि काका घरातसुद्धा टीमची टोपी घालून टीव्हीवर खेकसतात, "अरे गाढवा, फेक ना! कोणाची वाट बघतोयस?"

गेल्या शनिवारी त्याचा पास पुन्हा समोरच्यांनी पकडला. कोचने त्याला बाहेर बसवलं, तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. तो बाकाच्या टोकाला, टॉवेलमध्ये तोंड खुपसून एकटाच बसला होता. काकांनी टोपी काढली. हळूच म्हणाले, "कुणीतरी बसा रे त्याच्याजवळ."

आम्ही सगळे खाली कार्पेटवर होतो. काकू गेल्यापासून सोफ्यावरची काकांच्या शेजारची जागा आम्ही मानाने रिकामी ठेवत आलोय.