सासूला आलेलं मूळ

डॉक्टर म्हणाले, "हर्नियाच्या ऑपरेशननंतर दीड महिना वजन उचलायचं नाही."

"वजन म्हणजे किती?"

"पाण्याची कळशीसुद्धा नको."

माझी सासू कळशीपेक्षा बरीच जड आहे, हे त्यांना सांगावं की नाही, या विचारातच मी बाहेर आले.

सासूला मी आत्या म्हणते. मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला, डावी बाजू गेली. जीभ तेवढी वाचली. घरधनी ट्रकवर, लांबच्या लाइनला. उठवणं, बसवणं, अंघोळ, सगळं माझ्याच हातांवर. माझं माहेर पार देगलूरच्या पलीकडं, तिथून धावत येईल असं आता कुणी राहिलेलं नाही. शेवटी शेजारणीनं फुलंब्रीच्या रस्त्यावरचं एक केंद्र सुचवलं. आजारी म्हाताऱ्या माणसांना तिथं महिना-दोन महिने सांभाळतात.

मी जाऊन बघून आले. गाद्यांवरच्या चादरी उचलून बघितल्या, संडासात बादलीभर पाणी ओतून बघितलं, आमटी चाखली. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही तपासणीला आलात का?" सातवीत शाळा सुटलेल्या बाईला असं कुणी विचारलं की बरंच वाटतं.

पण आत्यांना सांगायचं कसं? रिक्षात सगळा रस्ता बोलणं पाठ केलं आणि घरी येऊन भलतीकडूनच सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मूळ कोण आणणार?"

सासरची बाई माहेरी न्यायची तर तिकडचं माणूस न्यायला यावं लागतं. ते बोलावणं म्हणजे मूळ आणि ते आणणारा मुऱ्हाळी. तो नारळ घेऊन येतो, जेवतो आणि मग बाईला घेऊन जातो.

"आत्या, ते माहेर नाय. दवाखान्यासारखं आहे."

"असू दे. जन्मात मी बिगर मुळाची कुणाच्या उंबऱ्यात पाय ठिवला नाय. आता एक पाय गेला म्हणून इज्जत सोडू?"

मी घाबरत घाबरत सिस्टरांना फोन केला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "आमची ॲम्ब्युलन्स पाठवते की."

आत्या पलंगावरूनच म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्समधून माहेरी जातेत का? गल्ली म्हणंल, म्हातारी खपली."

ठरल्या दिवशी केंद्रातले स्वयंपाकी मामा रिक्षानं आले. धुतलेली टोपी, हातात नारळ. आत्यांनी उजव्या हातानं पदर डोक्यावर ओढला आणि चौकशी सुरू केली.

"कुठले तुम्ही?"

"सिल्लोडकडचा."

"माझं माहेर फुलंब्री. एकाच रस्त्यावरचे आपण. मंग भाऊच लागता."

"व्हय, अक्का," मामा म्हणाले. माणूस हुशार निघाला.

"मुऱ्हाळ्याला पुरणपोळी वाढ गं."

ही फर्माईश सकाळीच झालेली असल्यामुळं पोटाला पट्टा बांधून मी पुरण वाटून ठेवलं होतं. मामा पाटावर बसले आणि हळूच म्हणाले, "मला शुगर आहे, अक्का."

"शुगर घरी ठिवून यायची. मुळाला आलात तुम्ही."

मामांनी अपराध्यासारखी एक पोळी खाल्ली. दुसरी मागून घेतली.

रिक्षात बसवल्यावर आत्यांनी माझं मनगट धरलं. धड हाताची पकड भलती घट्ट होती. मामांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मूळ येऊन नेलेल्या बाईला आणायलाबी मूळ जातंय. रीत हाय. ध्यानात ठिव."

रिक्षा वळली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नारळ, टोपी, पुरण, हा सगळा घाट म्हातारीनं कशासाठी घातला होता ते कळलं. मी आणायला येणार नाही, ही भीती त्यांनी बोलून दाखवली नव्हती, मला रीतीत बांधून टाकलं होतं.

मी विसरणार कशी? लग्नानंतरची माझी पहिली पंचमी. वडील अंथरुणाला खिळलेले, न्यायला कुणी येणार नव्हतं. मी चुलीपाशी डोळे पुसत बसले तर आत्याच पिशवी भरून उभ्या राहिल्या. "चल. मीच तुझी मुऱ्हाळी." सून माहेरी पोचवायला सासू निघाली म्हणून एस्टीतल्या बाया देगलूरपर्यंत हसत होत्या. आत्या त्यांना म्हणाल्या, "हसा खुशाल. तुमच्या सासवांनाबी सांगा."

ऑपरेशन नीट झालं. मी रोज केंद्रात फोन करायची. सिस्टरांकडून तक्रारी यायच्या: आमटीत मीठ किती ते आता आत्या ठरवतात, मामांना दादा म्हणून राबवतात. शेजारच्या पलंगावरच्या आजी तर रोज विचारतात, आपलं मूळ कधी येणार.

डॉक्टरांनी मोकळं केलं, तशी मी नारळ घेऊन गेले. त्या आजींसाठीही एक घेतला होता. तो त्यांच्या ओटीत घातला.

आत्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आज शनिवार. शनिवारी माहेरवाशीण धाडत नसतेत."

"मंगळवारपासून पिशवी भरून बसल्यात," सिस्टर मागून म्हणाल्या. "हात लावू देत नाहीत कुणाला."

"तिचं ऐकू नको. मुऱ्हाळी जेवल्याबिगर जात नसतो."

मामांनी ताट आणलं. पुरणपोळी, वर तुपाची धार. "तुम्हाला शुगर आहे का?"

"नाय."

"मग सुटका नाही."

मी जेवायला बसले. आत्यांनी दारातल्या रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं आणि पिशवी मांडीवर घेतली.

"सावकाश खा," म्हणाल्या. पण पायात चप्पल केव्हाच चढली होती.